सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी: भूल पूर्ण उतरेपर्यंत काय काय सांभाळायचं

मी कोल्हापुरात एका सर्जिकल हॉस्पिटलच्या रिकव्हरी रूममध्ये सिस्टर आहे, चौदा वर्षं झाली. हर्निया, पित्ताशय, मूळव्याध, मुतखडा, गुडघ्याची दुर्बीण, लहान मुलांचे टॉन्सिल्स, हे सगळं आता सकाळी करून संध्याकाळी घरी सोडतात, आणि दारातून बाहेर पडताना प्रत्येक नातेवाईक एकच प्रश्न विचारतो, "सिस्टर, भूल उतरली ना पूर्ण?" मी हो म्हणते, कारण माणूस बोलतोय, चालतोय, बायकोवर चिडतोय पण. खरं उत्तर असं आहे की माणूस जागा झालाय, भूल अजून थोडी आहे आत. पूर्वी रात्री वॉर्डात ठेवायचे तेव्हा दर थोड्या वेळानं कोणीतरी येऊन नाडी, बीपी, लघवी बघायचं, आता ते काम आम्ही तुमच्या हातात देऊन मोकळे होतो, आणि ते नीट समजावून सांगायला तेव्हा धड वेळ नसतो. म्हणून हे लिहितेय, पेशंटपेक्षा त्याच्याबरोबर कपड्यांची पिशवी धरून बसलेल्या माणसासाठी जास्त.

आणि "त्याच दिवशी हाकलतात हल्ली" असं म्हणणाऱ्यांसाठी, हे नवीन खूळ नाहीये. ग्लासगोमधल्या जेम्स निकोल नावाच्या सर्जननं १९०९ सालीच सांगितलं होतं की त्यांनी जवळजवळ ९००० लहान मुलांची ऑपरेशनं अशी येऊन-जाऊन केली. पण घरी आईनं बघायचं हे त्यांनी गृहीतच धरलेलं.

आदल्या दिवशी

भूल नीट उतरणं हे आदल्या रात्रीपासून सुरू होतं. जेवण ६ तास आधी बंद, तळलेलं-मटण वगैरे असेल तर ८ तास, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं (तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच खरं). सगळा गोंधळ चहावर होतो. "चहाच घेतलाय फक्त" असं सांगतात, पण दुधाचा चहा जेवणातच मोजतात, ६ तास. पोटात काही असताना भूल दिली आणि ते वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं, म्हणून आम्ही चहासाठी ऑपरेशन पुढं ढकलतो, कोणाला छळायला नाही. तान्ह्या बाळाला आईचं दूध ४ तास आधीपर्यंत चालतं.

भूलतज्ज्ञांना लपवाछपवी न करता सांगायचं: दात हलतोय का, रात्री घोरताना श्वास अडकतो का, दारू-तंबाखू-मिश्री, शुगर-बीपी-रक्त पातळ व्हायच्या गोळ्या, वजनाची किंवा शुगरची आठवड्याला घ्यायची इंजेक्शनं (ती पोट रिकामं व्हायला उशीर लावतात). आणि मागच्या भुलीच्या वेळी काय त्रास झालेला. हातांना नेलपेंट असेल तर पुसून टाका, मेंदी लावू नका. बोटाला जो क्लिप लावतो तो रंगातून ऑक्सिजन नीट वाचत नाही कधीकधी.

घरची तयारी म्हणजे बेडपासून संडासपर्यंतचा रस्ता मोकळा करणं, पायपुसणी उचलून ठेवणं, आणि रात्री थांबणारा एक मोठा माणूस ठरवणं. बारावीतली मुलगी नाही, मोठा माणूस, ज्याला फोन करता येतो, गाडी बोलावता येते आणि जो घाबरत नाही. जमलं तर गोळ्याही आदल्या दिवशीच आणून ठेवा, रात्री १० ला मेडिकल शोधत फिरू नका.

ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) बाहेर आल्यावर

पूर्ण भूल असेल तर पहिला अर्धा-पाऊण तास पेशंट आमच्याकडं असतो, तुम्हाला आत सोडत नाहीत. तोंडाला मास्क, बोटाला क्लिप, कधी कुशीवर झोपवलेलं. इथं घडणाऱ्या बऱ्याच गोष्टी बघायला भयंकर आणि असतात साध्या. थडथड कापतात लोक, दात वाजतात, बाहेरनं बघून बायको रडायला लागते. तो ताप नाही, ओटी गार असते आणि भुलीनं अंगातली उष्णता निसटते, गरम ब्लँकेट घातलं की थांबतं. तोंड लाकडासारखं कोरडं पडतं, लाळ कमी करायचं इंजेक्शन दिलेलं असतं म्हणून. घसा खवखवतो कारण श्वासासाठी नळी घातलेली, एक-दोन दिवस राहतो. काहीजण रडतात, काहीजण गप्पा मारत सुटतात. मग दुसऱ्या दिवशी हळूच फोन येतो, "मी काय बोललो का हो तेव्हा?" नाही हो, नव्वद टक्के लोक फक्त पाणी मागतात आणि किती वाजले विचारतात.

आम्ही सोडतो कशावर, तर मार्कांवर. आल्ड्रेटे नावाच्या भूलतज्ज्ञांनी १९७० मध्ये काढलेली पद्धत आहे, हातपाय हलवणं, श्वास, बीपी, शुद्ध आणि रंग (आता रंगाऐवजी ऑक्सिजन बघतात), प्रत्येकाला ० ते २, दहापैकी ९ आले की रिकव्हरीतून बाहेर. घरी सोडताना वेगळी परीक्षा असते, त्यात चालणं, मळमळ, दुखणं, रक्तस्राव हे येतं. पण या परीक्षेत पास होणं म्हणजे रिक्षात बसायला पास, कामावर जायला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डॉक्टर राउंडला येऊन पेशंटला सांगतात, असं केलं, एवढा खडा निघाला, या गोळ्या घ्या, आणि पेशंट शहाण्यासारखी मान हलवतो, हो डॉक्टर म्हणतो. त्याला त्यातलं काहीही आठवणार नाही. भुलीच्या आधी जे शांत करायचं औषध देतात, मिडाझोलाम, ते आठवण बनूच देत नाही. म्हणून डॉक्टर आले की तुम्ही उभं राहायचं, लिहून घ्यायचं, नाहीतर डॉक्टरांना विचारून मोबाईलवर रेकॉर्ड करायचं.

कंबरेतून भूल दिली असेल तर

स्पायनलमध्ये पाय दोन-चार तास दुसऱ्याचे असल्यासारखे वाटतात. भूल वरून खाली उतरते, म्हणजे मांड्या आधी कळायला लागतात आणि बसायची जागा व लघवीची पिशवी सगळ्यात शेवटी. म्हणून पाय हलले म्हणजे झालं असं नाही. पहिल्यांदा उठताना आधी बेडवर पाय सोडून पाच मिनिटं बसा, मग दोन माणसं दोन बाजूला, बीपी पडून डोळ्यापुढं अंधारी येते तेव्हा एकटा माणूस ८० किलोच्या पेशंटला सावरू शकत नाही, दोघंही खाली येतात, बघितलंय मी.

लघवीचं लक्षात ठेवा. हर्निया आणि मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर, त्यात वय साठच्या पुढं आणि प्रोस्टेट वाढलेली असेल तर, लघवी तुंबते. घरी गेल्यावर ६-८ तासांत झाली नाही, किंवा ओटीपोट फुगून दुखतंय, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, यायचं. नळी घालून मोकळी करायला पाच मिनिटं लागतात. लाजून रात्रभर कळ काढली की पिशवी ताणते आणि मग ती नळी कितीतरी दिवस ठेवावी लागते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं दुखलं तर एक खूण बघा: बसल्यावर-उभं राहिल्यावर ठणकतं आणि आडवं झाल्यावर थांबतं का? तसं असेल तर ते मणक्यातल्या सुईच्या भोकातून पाणी झिरपल्यानं आहे. भरपूर पाणी, चहा-कॉफी, गोळी, आराम, बऱ्याच जणांचं तेवढ्यावर जातं. नाही गेलं तर पेशंटचंच थोडं रक्त घेऊन पाठीत त्या जागी भरतात, ते भोक बुजवतं, आराम लगेच पडतो बहुतेकांना. पूर्वी हे होऊ नये म्हणून दिवसभर उशी न देता उताणं झोपवायचे. त्यानं काही टळत नाही हे आता सिद्ध झालंय, तरी आजही आज्या उशी काढून घेतात. आणि कंबरेचं इंजेक्शन घेतलं की जन्मभर कंबर दुखते हेही खरं नाही, सुईची जागा चार-आठ दिवस दुखते तेवढंच. बाळंतपणानंतर कंबर दुखायची कारणं घरातल्या कामात शोधा.

हात किंवा पाय बधिर केला असेल तर

नुसता हात बधिर करून केलेल्या ऑपरेशनमध्ये तो हात ८ तासांपासून २४ तासांपर्यंत सुद्धा लुळा राहू शकतो. झोळीत ठेवा, गॅस, इस्त्री, गरम पाण्याची पिशवी यांपासून लांब, कारण भाजलं तरी कळणार नाही. खांद्यासाठी मानेत इंजेक्शन दिलं असेल तर त्या बाजूची पापणी जड होते, आवाज बसतो, अर्धांगवायू समजून पळत येतात लोक. थोड्या तासांत जातं. पण दम लागत असेल तर मात्र फोन करा.

आणि दुखत नाही म्हणून गोळी टाळू नका. बधिरपणा उतरतो तो रात्री दोनला, आणि मग एकदम असं दुखतं की गोळीचा असर व्हायला लागणारा पाऊण तास पेशंट भिंतीला डोकं आपटतो. मुंग्या यायला लागल्या, बोटं थोडी हलायला लागली, की लगेच सांगितलेली गोळी द्या.

रस्ता

टू-व्हीलरवर मागं बसवून न्यायचं नाही. घर जवळच आहे, हळू नेतो, मधे मुलगा बसतो, सगळं ऐकलंय. गाडी किंवा रिक्षा, आणि ड्रायव्हर सोडून दुसरा माणूस पेशंटशेजारी. लहान मूल असेल तर ते झोपून मान पुढं पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो, म्हणून शेजारच्यानं मान धरून बसायचं, मोबाईल बघत नाही. बरोबर दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक टॉवेल. कशाला ते स्पीडब्रेकर आला की कळेल.

मेडिक्लेमवाल्यांसाठी एक गोष्ट. २४ तास ॲडमिट राहायची अट डे-केअर ऑपरेशनांना नसते, तेव्हा उगाच क्लेमसाठी रात्र काढायचा हट्ट नको. पण मंजुरी यायला वेळ लागतो, पेशंट चारला तयार आणि निघतो साडेआठला. या वेळेत दुखायची पुढची गोळी चुकते. आम्हाला आठवण करा.

पहिली संध्याकाळ, म्हणजे खाणं आणि उलटी

आधी दोन घोट पाणी. पंधरा-वीस मिनिटं थांबा. राहिलं पोटात तर थोडं अजून, मग कोरा चहा, शहाळ्याचं पाणी, भाताची पेज, मऊ वरणभात. भूक नसेल तर जबरदस्ती नाही, एक संध्याकाळ जेवला नाही म्हणून कोणी खंगत नाही, पाणी जातंय ना ते बघा. आमच्याकडं ताकद यावी म्हणून त्याच संध्याकाळी डब्यातनं पांढरा रस्सा आणतात. माया समजते, पण तो रस्सा अर्ध्या तासात बेडशीटवर असतो. तीन-चार दिवसांनी आणा, मलाही द्या वाटीभर.

उलटी कोणाला होणार याचाही हिशोब आहे, आपफेल नावाच्या भूलतज्ज्ञांनी १९९९ मध्ये मांडलेला. चार प्रश्न: बाई आहे का, सिगारेट न ओढणारी आहे का, गाडी लागते का किंवा आधीच्या भुलीत उलट्या झालेल्या का, नंतर ट्रामाडॉलसारखी जोरदार दुखायची औषधं लागणार का. एकही नाही तर साधारण १० टक्के शक्यता, एकाला २०, दोनाला ४०, तिनाला ६०, चारही असतील तर ८०. म्हणजे आपल्याकडची बहुतेक बाई ४० पासूनच सुरू होते, आणि आंबा घाटात जिला खिडकीची सीट लागते ती ६० वर. अशा बाईनं भूलतज्ज्ञांना आधीच सांगायचं, "मला गाडी लागते", एवढे तीन शब्द. ते औषधं बदलतात, उलटीची दोन औषधं आधीच देतात.

घरी मळमळलं तर झटकन उठू नका, मान सारखी वळवू नका, फोडणीचा वास येतोय तिथनं खोली बदला, एमसेट वगैरे लिहून दिली असेल ती घ्या. तीन-चारदा उलटी झाली आणि पाण्याचा घोटही टिकत नाही तर फोन.

दुर्बिणीतनं पोटाचं ऑपरेशन झालेल्यांना त्या रात्री खांदा दुखतो, उजवा बहुतेक, आणि सगळे हार्ट ॲटॅक म्हणून घाबरतात. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो, तो छाती आणि पोटामधल्या पडद्याला चुरचुरतो आणि त्या पडद्याची नस खांद्याच्या नसांची सख्खी शेजारीण, म्हणून कळ खांद्यात. घरातल्या घरात फेऱ्या मारा, थोडं आडवं पडा, दोन-तीन दिवसांत जातं. पण छातीत दाब, घाम, दम असेल तर गॅस म्हणून बसू नका.

गोळ्यांचा घोळ

इथं मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त चुका इथं बघते. डिस्चार्ज कार्डावर एक गोळी असते, शिवाय घरात डब्यात डोलो असते, शेजारची काकू कॉम्बिफ्लाम देते. डोलो ६५० म्हणजे नुसती पॅरासिटामॉल. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन. झीरोडॉल-पी मध्ये पॅरासिटामॉल आणि ॲसिक्लोफिनॅक. अल्ट्रासेटमध्ये पॅरासिटामॉल आणि ट्रामाडॉल. म्हणजे चार नावं आणि पॅरासिटामॉल चारहीत. मोठ्या माणसाला २४ तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर जाऊ द्यायची नाही, वजन कमी असेल किंवा लिव्हरचा त्रास, दारूची सवय असेल तर त्याहूनही कमी, ते डॉक्टरांना विचारा. आणि आयब्युप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक एकाच जातीची, दोन्ही मिळून घेतली की पोट आणि किडनीला मार. कागदावर वेळ आणि गोळी लिहा, फ्रिजला चिकटवा, कार्डाबाहेरची एकही नको.

पहिले दोन दिवस दुखायची वाट न बघता सांगितलेल्या वेळेला गोळी घ्या. ट्रामाडॉलनं गरगरतं आणि संडास घट्ट होतो, मूळव्याधवाल्यांना तर ते परवडणारच नाही, पाणी जास्त प्या आणि इसबगोल-पातळ औषध काय द्यायचं ते निघतानाच विचारून घ्या. शुगरवाल्यांनी इन्सुलिन किंवा गोळी नेहमीच्या डोसनं आणि पोट रिकामं असं करू नका, जेवण कमी असेल तर डोस किती हे फोन करून विचारा.

बायकांसाठी दोन गोष्टी ज्या कोणी सांगत नाही. सुगामाडेक्स नावाचं औषध भूल उतरवायला वापरलं असेल तर गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी होतो, ७ दिवस दुसरी काळजी घ्यावी लागते, तेव्हा वापरलंय का ते विचारा. आणि अंगावर पाजणाऱ्या आईनं पूर्ण जाग आली, बाळ नीट धरता आलं की पाजायला हरकत नाही, दूध पिळून फेकायची गरज नसते सहसा. फक्त ट्रामाडॉल, कोडीनसारखी औषधं आईला नकोत, म्हणून पाजतेय हे आवर्जून सांगा.

पहिली रात्र

रात्रीचा माणूस त्याच खोलीत झोपेल. बाथरूमची कडी आतून लावायची नाही, दार ओढून घ्या नुसतं, बाहेर कोणीतरी उभं. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर खुर्ची-कमोड एक-दोन दिवसांसाठी भाड्यानं आणा, उकिडवं बसून उठताना चक्कर येते. रात्री हलकासा दिवा ठेवा. झोपेची गोळी, दारू, सर्दी-खोकल्याचं झोप आणणारं औषध काहीच नको. घोरून श्वास अडकणाऱ्यांनी उशा लावून डोकं वर घेऊन झोपायचं आणि झोपेत लावायचं श्वासाचं मशिन असेल तर आज नक्की लावायचं.

दर दोन-तीन तासांनी हाक मारा. उठून "काय आहे" म्हणून चिडला की उत्तम. हाक मारून, हलवून पण नीट जागा होत नाही, श्वास फार संथ आहे, ओठ निळसर, तर १०८.

म्हातारी माणसं रात्री गोंधळतात, हे आपलं घर नाही म्हणतात, सलाईन शोधतात. चष्मा, कानाचं मशिन, कवळी लगेच परत द्या, ओळखीचा माणूस समोर बसवा, वाद घालू नका. सकाळी पण तसंच राहिलं तर डॉक्टरांना कळवा. आणि दोन ते पाच वर्षांची मुलं भूल उतरताना आईलाही न ओळखता किंचाळतात, हातपाय झाडतात. वाईट वाटतं बघायला, पण बहुतेक वेळा अर्ध्या तासात शांत होऊन झोपतात आणि त्यांना काहीच आठवत नाही, आठवण आईच्याच वाट्याला.

चोवीस तास आणि त्यानंतर

२४ तास गाडी नाही, गॅस नाही, सुरी-विळी नाही, एकट्यावर लहान मूल सोपवायचं नाही, कागदावर सही नाही, आणि हल्लीची भर म्हणजे कोणालाही ओटीपी नाही आणि मोठा यूपीआय नाही. माणसाला आतून एकदम फ्रेश वाटतं, फसतो तो तिथंच, हात-डोळे अजून मागं असतात. आमच्या एका पेशंटनं त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर भांडण काढून ॲडमिनपद सोडलं, दुसऱ्या दिवशी काही आठवेना.

दुसऱ्या दिवशी अंग मोडून आल्यासारखं, थकल्यासारखं वाटणं साहजिक आहे. सुईच्या जागी हातावर गाठ आली तर कोमट शेक, लाली वर चढायला लागली तर दाखवा. गाडी २४ तासांनी आपोआप सुरू होत नाही, टाके दुखत असताना ब्रेक जोरात दाबता येतो का हे ज्या दिवशी कळेल त्या दिवशी.

फोन लगेच कशाला करायचा: पट्टी भिजून रक्त येतंय आणि दाबूनही थांबत नाही, ताप १०१ च्या वर, गोळी घेऊनही दुखणं वाढतच चाललंय, अंगावर पित्त उठून सूज, पोटरी एकीकडची सुजून दुखतेय, स्पायनल घेऊन दुसऱ्या दिवशीही पाय जड. दम लागला, छातीत दुखलं, तोंड-गळा सुजला किंवा माणूस शुद्धीवर येत नाही, तर फोन नाही, थेट १०८ किंवा जवळचं कॅज्युअल्टी.

शेवटचं एक काम बाकी राहतं. डिस्चार्ज कार्डाचा फोटो काढून ठेवा आणि त्याच्याखाली स्वतःच्या शब्दात लिहा, भूल कुठली होती, काय त्रास झाला, कशानं थांबला. पाच-सात वर्षांनी पुढचं ऑपरेशन निघतं तेव्हा कार्ड कुठं सापडत नाही, आणि भूलतज्ज्ञ विचारतात मागच्या वेळी काय झालं होतं तेव्हा नवरा बायकोकडं बघतो आणि बायको म्हणते, "कायतरी पांढरं इंजेक्शन होतं."